कोल्हापुरातलं दगडी घर, मालक बाहेरगावी : दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ इथल्या कितीतरी जुन्या घरांचे मालक आता पुण्यात, मुंबईत, बेंगळुरूत नाहीतर दुबईत असतात. किल्ली शेजारच्या काकूंकडे, घरफाळ्याची पावती चुलतभावाकडे आणि काळजी स्वतःकडे. अशा घरांच्या दुरुस्तीवर देखरेख करणं हे माझं काम, त्यामुळे तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी दिली आहेत.

१. आमचं घर खरंच दगडी आहे का? बाहेरून तर सगळा सिमेंटचा गिलावा दिसतो.

खिडकीच्या चौकटीजवळ भिंतीची जाडी मोजा. दीड-दोन फूट भरली तर आत दगड असण्याची शक्यता दाट. शहरातल्या पुष्कळ जुन्या घरांचं जोतं आणि तळमजला काळ्या दगडाचा असतो, वरचा मजला लाकडी खांब-तुळयांचा आणि मध्ये विटा भरलेल्या. एकाच घरात दोन प्रकारचं बांधकाम, आणि दोन्हींची दुखणी वेगळी. माजघरातल्या कोनाड्यात किंवा जिन्याखाली गिलावा थोडा खरवडून बघायला सांगा. दगडांच्या सांध्यात चुना आहे की माती, हे तिथे लगेच कळतं. राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगडकडचं घर असेल तर दगड बहुधा जांभा. जांभा पाणी पितो, काळा दगड जवळजवळ पीत नाही. जिथे या फरकाने उत्तर बदलतं तिथे तसं लिहिलं आहे.

२. पाडून नवीन बांधलं तर स्वस्त नाही का पडणार?

कधीकधी पडतं. पण पेठेतल्या घराच्या बाबतीत आधी एक गोष्ट तपासा. जुनं घर रस्त्याला लागून, शेजाऱ्याला खेटून उभं आहे ते त्या काळच्या रिवाजाने. पाडलंत की नवा नकाशा आजच्या नियमांत बसवावा लागतो : रस्तारुंदीची रेषा, समोरची-मागची मोकळी जागा, पार्किंग. लहान प्लॉटवर त्यात इतकी जागा जाते की आहे तेवढं घरसुद्धा परत उभं राहत नाही. वास्तुविशारदाकडून फक्त एवढाच हिशेब आधी करून घ्या.

भिंती ओळंब्यात (सरळ उभ्या) असतील, पाया खचलेला नसेल आणि खराबी छपरात-लाकडात असेल तर मी दुरुस्तीच सुचवतो. कोपऱ्यातल्या उभ्या भेगा वरपासून जोत्यापर्यंत गेल्या असतील, वरून रुंद आणि खाली निमुळत्या असतील, तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक रुपयाही घालू नका.

३. पैसे थोडे आहेत. पहिलं काम कोणतं?

पाणी बाहेर काढायचं काम पहिलं. रंग, फरशी, किचन ओटा हे सगळं शेवटी. क्रम असा : छप्पर, पन्हळ, पन्हळीचं पाणी जिथे पडतं तिथलं गटार, मग भिंतीच्या पायाशी साचणारं पाणी.

शेवटचा मुद्दा लांबून लक्षात येत नाही. रस्त्यावर वर्षानुवर्षं डांबराचे थर चढत जातात आणि रस्ता जोत्याच्या बरोबरीला येतो. पूर्वी ओट्याला तीन पायऱ्या होत्या, आता एकच उरली, असं घर कोल्हापुरात गल्लीगल्लीत दिसेल. अशा घराची ओल कुठल्याही वॉटरप्रूफिंग रसायनाने जात नाही. दारासमोर जाळीचं गटार करून पाणी बाजूला न्यावं लागतं. घराचा जुना फोटो सापडला तर पायऱ्या मोजा.

४. मी वर्षातून एक-दोनदाच येऊ शकतो. कोणाच्या भरवशावर काम टाकू?

किल्ली, पैसा आणि तपासणी या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे देऊ नका. बाकी सगळं यापुढचं.

बहुतेक जण चुलतभावाला सांगतात. तो प्रेमाने हो म्हणतो, पण त्याला त्याचं दुकान, त्याची शेती असते. आठ दिवस साइटवर गेला नाही की तुम्ही फोन करता, तो चिडतो, आणि घर राहतं बाजूला, भाऊबंदकी सुरू होते. भावाकडे किल्ली ठेवा, चहापाण्याचं बघायला सांगा, पण कामाचा जाब त्याला विचारायची वेळ आणू नका. मुकादमाला स्वतःच्याच कामाचा तपासनीस करणं तर सरळ चूक.

तपासणीला पगारी माणूस हवा : सिव्हिल इंजिनिअर, वास्तुविशारद किंवा निवृत्त ओव्हरसिअर. त्याला भेटीवर किंवा महिन्यावर पैसे द्या. एकूण खर्चाच्या टक्क्यावर देऊ नका. खर्च वाढला की त्याची फी वाढते आणि काटकसरीत कोणालाच रस उरत नाही. आठवड्यातून दोन फेऱ्या पुरतात. पण भिंत उघडली, तुळई काढली किंवा छप्पर उतरवलं, त्या दिवशी तो साइटवर असलाच पाहिजे. हे आधी लिहून घ्या.

५. जुन्या कामाची जाण असलेले गवंडी-सुतार कुठे शोधायचे?

ज्या घराची किंवा देवळाची दुरुस्ती तुम्हाला बघून आवडली, त्या मालकाला किंवा पुजाऱ्याला विचारा. पेठेतल्या तालीम मंडळात चौकशी केली तर गल्लीत कोणी काय काम केलं आणि कोणी अर्धवट टाकलं, दोन्ही कळतं. कौलं चढवणारे चांगले हात शहरापेक्षा पन्हाळा, भुदरगड, राधानगरीकडच्या गावांत जास्त मिळतात. लोखंडी जाळ्या, कोन, पट्ट्या, बोल्ट यासाठी उद्यमनगर आहेच. नकाशा दिला की हवं ते करून मिळतं.

गवंड्याची परीक्षा बोलण्यावर घेऊ नका. मागच्या परसात तीन फूट बाय तीन फूट जागा द्या : जुना गिलावा काढायचा, सांधे साफ करायचे, दरजा भरायच्या, म्हणजे दगडांमधल्या फटी नव्याने भरायच्या. त्याची पूर्ण हजेरी द्या. सांधा इंचभर खोल खरवडून, धुऊन मग भरला तर माणूस कामाचा. नुसतं वरून लिंपलं तर बाकी घरही तसंच होणार.

६. हजेरीवर (रोजंदारीवर) द्यावं की उक्तं (ठरलेल्या दराने)?

जे आधी मोजता येतं ते उक्तं, जे उघडल्यावरच कळतं ते हजेरीवर. फरशी, नवा गिलावा, रंग, कौलं यांचा मोजमापावर दर ठरवा. दगडी भिंतीची डागडुजी, तुळईची टोकं, जुना पाया या कामांना उक्तं दिलंत तर गवंडी घाईने झाकून टाकेल; त्यात त्याचा दोष नाही, तोटा त्याने का सोसावा?

करारात ‘ब्रास’ आला की घनफूट की चौरस फूट ते स्पष्ट लिहा. खडी, वाळू, डबर (ओबडधोबड दगड) आणि दगडी बांधकामाचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा, छप्पर असल्या पृष्ठभागाचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. दोन फुटी भिंतीचा १०० चौरस फूट तुकडा घनफळाने दोन ब्रास होतो, आणि फोनवरच्या बोलण्यात हा घोळ हमखास होतो.

७. पैसे कसे द्यायचे? मिस्त्री आधीच मोठी उचल मागतोय.

उचल द्यावीच लागते. त्याला माणसं गोळा करायची असतात, कुणाची घरची नड असते. पण ती एका आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त नको, आणि पुढच्या दोन-तीन हप्त्यांत वळती करायची हे त्याच दिवशी बोला. सामानाचे पैसे मिस्त्रीकडे देऊ नका. लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराला थेट पाठवा आणि बिलाचा फोटो मागवा. बिगाऱ्यांची हजेरी आठवड्याला चुकती झालीच पाहिजे. तुमचा वाद मिस्त्रीशी असेल, त्यात त्यांचा बाजार थांबवू नका. थांबवलात तर सोमवारी साइटवर कोणी नसतं.

एकूण मजुरीतले दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. छपराच्या कामाला तर नक्कीच. कोल्हापूरच्या पावसाएवढा कडक तपासनीस दुसरा नाही.

८. व्हॉट्सअॅपवर रोज फोटो येतात, पण मला त्यातून काहीच कळत नाही.

कारण फोटो मिस्त्री काढतो, त्याला छान वाटेल तो. काय काढायचं ते तुम्ही सांगा.

भिंतीवर खडूने चार-पाच जागा ठरवा आणि रोज त्याच जागेवरून, त्याच कोनातून फोटो मागा. भिंतीच्या फोटोत ओळंबा लटकलेला हवा आणि वर-मध्ये-खाली दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने दाखवलेलं हवं. फरशीच्या फोटोत ट्यूब लेव्हल किंवा पाणसळ. नव्या गिलाव्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकत व्हिडिओ काढायला लावा. पोकळ जागी आवाज बदलतो आणि तो फोनवरही ओळखू येतो.

झाकण्याआधी फोटो, हा नियम मोडू देऊ नका. पाइप, वायरचा कंड्यूट, तुळईचं भिंतीतलं टोक, पायातला दगड, जे जे पुन्हा दिसणार नाही त्याचा टेप लावून फोटो. फोटो नाही तर त्या कामाचा हप्ता नाही, एवढं एकदा ठरलं की दुसऱ्या आठवड्यापासून न मागता येतात.

सिमेंट-चुन्याची रिकामी पोती जपून ठेवायला सांगा आणि बिलाशी मोजा. साधा उपाय आहे, पण उपयोगी.

९. सगळे गवंडी सिमेंटच म्हणतात. तुम्ही नको का म्हणता?

जुनी दगडी भिंत पाणी पूर्ण अडवत नाही. जमिनीतून, पावसातून थोडं आत घेते आणि उन्हात सांध्यांतून बाहेर सोडते. काळा दगड स्वतः पाणी घेत नाही, म्हणजे सगळी ये-जा सांध्यांतल्या चुन्यातून किंवा मातीतून. तो सांधा सिमेंटने बंद केला की पाणी आत कोंडतं, वाट शोधत वर चढतं, आतल्या खोलीत निघतं. सोबत क्षार येतात, पृष्ठभागाशी सुकून त्यांचे स्फटिक होतात आणि गिलावा ढलप्यांनी सुटतो. जांभ्यात तर ढलपीबरोबर दगडाचा वरचा थरही निघून येतो.

दुसरं कारण हालचालीचं. मातीच्या किंवा चुन्याच्या सांध्यातली भिंत ऋतूबरोबर किंचित हलते. चुना तेवढं सोसतो. सिमेंट कडक असल्याने केसाएवढी भेग पडते, पाऊस त्या भेगेतून आत जातो आणि परत निघू शकत नाही. म्हणून सिमेंटचा गिलावा केलेली भिंत वरून कोरडी आणि आतून चिंब अशी सापडते.

सिमेंट कुठे चालतं? नवीन बाथरूमच्या विटेच्या भिंती, काँक्रीटचा पट्टा, गटार, पाण्याची टाकी. दगडी भिंतीवर नको. आधीच सिमेंट मारलेलं असेल तर ब्रेकर लावू देऊ नका, छिन्नी-हातोडीने हळू काढायचं. जिथे घट्ट चिकटलं आहे आणि ओल नाही, तिथे राहू द्या.

१०. चुना मिळतो का अजून? आमचे मिस्त्री म्हणतात, “चुन्याचं काम आता कोण करत न्हाई.”

मिळतो, फक्त रंगाच्या दुकानातली सफेदीची पिशवी म्हणजे तो नव्हे. कळीचा चुना आणून पाण्यात विरवायचा. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजून कळी होते आणि पाण्यात पडली की खदखदून तापते, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. लहान मुलं साइटवर नकोत. विरवलेला चुना गाळून पाण्याखाली काही आठवडे मुरू द्यायचा. तयार झाला की लोण्यासारखा थापीवर बसतो. जागा असेल तर घरामागे एक हौद आधीच भरून ठेवा, बाकीची कामं होईपर्यंत चुना मुरतो.

साधारण एक भाग चुना, तीन भाग वाळू. ओलीच्या जागी वाळूतला काही भाग विटांच्या भुकटीचा, म्हणजे सुरखीचा. गूळ, हिरडा घालायची जुनी पद्धत आहे, जाणकार गवंडी असेल तर त्याच्या प्रमाणाने घाला. इंटरनेटवर वाचून पोतंभर गूळ ओतू नका, मुंग्या लागतात.

चुना सिमेंटसारखा लवकर सेट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होतो. त्याला आठवडाभर तरी दमट ठेवायचं, पण पाण्याचा फवारा हलका. उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट टांगायचं. ‘काल गिलावा, आज रंग’ म्हणणाऱ्या रंगाऱ्याला सरळ घरी पाठवा.

११. भिंतीला पोट आलंय. पाडावी लागेल का?

जुनी जाड भिंत बहुधा दोन पदरी असते : बाहेरून एक पदर, आतून एक, मध्ये डबर आणि माती. छपरातून पाणी त्या मधल्या पोकळीत उतरलं की माती वाहून जाते, डबर खाली बसतो आणि पदर बाहेर ढकलला जातो. ते म्हणजे पोट.

पोट वाढतंय की जुनंच थांबलेलं आहे, हे आधी ठरवा. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावा, तिच्यावर तारीख लिहा, महिन्याला फोटो. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे. दोरी लावून फुगवट्याचं मापही नोंदवा. थांबलेलं, उथळ पोट असेल तर पाणी बंद करून, पोकळीत चुन्याचं पातळ मिश्रण भरून आणि भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड म्हणजे हेडर घालून काम भागतं. हेडर दोन फूट उंचीच्या अंतराने आणि आडवे चार फुटांच्या आत, हे भारतीय मानकांतलं प्रमाण आहे. जास्त आलेला भाग टेकू देऊन, तेवढाच तुकडा उतरवून, दगडांना नंबर घालून परत रचतात.

याला मी फार महत्त्व देतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जी घरं कोसळली त्यांत अशाच मातीतल्या दोन पदरी दगडी भिंती होत्या, डोक्यावर जड मातीचं धाबं (सपाट छप्पर), आणि दोन पदर बांधणारं काही नाही. कोल्हापूरला कोयनेचा शेजार आहे. ११ डिसेंबर १९६७ चा धक्का जुन्या माणसांना अजून आठवतो. छप्पर उतरवलंच आहे तर भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी एकसंध पट्टा फिरवून घ्या. तो कसा आणि किती जाडीचा, हे इंजिनिअरच ठरवेल.

१२. तुळयांना वाळवी आहे, सुतार म्हणतो सगळं बदला.

तुळई मध्यापेक्षा टोकाशी कुजते, जिथे ती भिंतीत शिरते. सुताराला पटाशी टोचायला सांगा आणि व्हिडिओ मागा. पटाशी अर्धा इंचही शिरत नाही तर लाकूड चांगलं. सहज आत गेली आणि भुसा पडला तर तेवढं टोक कापून जुन्या सागाचा तुकडा सांध्याने जोडता येतो किंवा खाली लोखंडी गर्डरचा आधार देता येतो. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान टिंबर मार्केटमध्ये चौकशी केली तर मिळतं. नवं ओलं लाकूड घालून फिरकी येण्यापेक्षा ते परवडतं.

उतरवलेलं लाकूड कोणाचं, हे कामाआधी लिहून ठेवा. जुन्या शिसवी-सागवानी खांबांना चांगली किंमत येते आणि ‘कुजलं होतं, टाकून दिलं’ हे उत्तर लांबून तपासता येत नाही. प्रत्येक नगाचा फोटो, लांबी आणि नंबर.

१३. कौलं ठेवू, पत्रा घालू की स्लॅब?

स्लॅब नको. पाच इंची स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास. कौलं, रिपा, वासे धरून छप्पर याच्या पाव भागाइतकंही नसतं. मातीतल्या दगडी भिंतीवर एवढं ओझं चढवायचं असेल तर आत वेगळे काँक्रीटचे खांब लागतात, आणि मग प्रश्न २ वर परत या.

मंगलोरी कौलं १०० चौरस फुटांना साधारण १४० ते १५० लागतात, फुटतुटीला दहा टक्के जास्त धरा. कौलाच्या मागच्या बाजूला कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, ते वाचा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून एका पाखीवर (छपराच्या एका उतारावर) एकाच छापाची कौलं. चांगली निघालेली जुनी कौलं रस्त्याकडच्या पाखीवर वापरा, कमी पडतील ती नवी मागच्या बाजूला. ज्यांना गळतीची फारच धास्ती आहे ते कौलांखाली पत्रा घालतात. चालेल, फक्त दोन्हींमध्ये हवा खेळायला रिपेची जागा सोडा.

१४. खालून तीन-चार फूट ओल चढते. केमिकलचं इंजेक्शन मारू का?

आधी प्रश्न ३ मधलं गटार आणि प्रश्न ९ मधला सिमेंटचा गिलावा बघा. या दोन गोष्टी करून एक पावसाळा आणि एक उन्हाळा थांबा. दोन पदरी भिंतीत मध्ये पोकळ्या असतात, इंजेक्शनचं रसायन कुठे गेलं ते कळतही नाही.

१५. संडास-बाथरूम घरात घ्यायचंय, वायरिंगही नवीन करायचंय.

बाथरूम परसाकडे, दगडी भिंतीपासून सुटी विटेची भिंत बांधून. लाकडी पाटाईवर (फळ्यांच्या जमिनीवर), माडीवर बाथरूम घेऊ नका, कितीही वॉटरप्रूफिंगचा शब्द दिला तरी. वायरिंगसाठी दगडी भिंतीत लांब आडव्या खाचा मारू देऊ नका; केसिंग-पट्टी बाहेरून न्या किंवा सांध्यांतून. अर्थिंग नवीन आणि आरसीसीबी (वीजगळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. महावितरणचं बिल आजोबांच्या नावावर असेल तर लोड वाढवायच्या आधी नाव बदलून घ्या.

१६. काम कधी सुरू करावं?

दिवाळी झाली की लगेच. चुन्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. छप्पर एप्रिलअखेर मिटलं पाहिजे. इथला वळीव मे महिन्याची वाट बघत नाही.

माणसांचं वेळापत्रक वेगळं असतं. कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असताना गावाकडचे मजूर ऊसतोडीत-वाहतुकीत. चैत्रात जोतिबाची यात्रा, तेव्हा सुट्टी न विचारता धरायची. ज्याच्या त्याच्या गावची यात्रा वेगळी. पाऊस लागला की रोप लावणीला सगळे शेतात. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा. तुमच्या तारखा यात बसवा. “होतंय की” एवढ्या उत्तरावर विमानाचं तिकीट काढू नका.

१७. महापालिकेची परवानगी लागते का?

रंग, गिलावा, फरशी, आहे त्याच उंचीला कौलं बदलणं अशा डागडुजीला सहसा लागत नाही. भिंत हलवणं, मजला वाढवणं, जिना किंवा छपराची उंची बदलणं याला लागते. डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली कोल्हापूर महापालिकेलाही आहे. घर वारसा यादीत असेल तर बाहेरच्या दर्शनी बदलालाही परवानगी घ्या. तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ खाली स्थैर्याचा दाखला लागतो. कलम २६४ ची धोकादायक इमारतीची नोटीस दारावर लागली असेल तर काकूंकडून तिचा फोटो आजच मागवा. मुदत नोटिशीत असते आणि ती तुमच्या सुट्टीसाठी थांबत नाही.

१८. घर अजून आजोबांच्या नावावर आहे. चौघांचा हिस्सा, खर्च मात्र मी करणार.

नगरभूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि सनद. घरफाळा तुमच्या नावाने भरता म्हणून घर तुमचं होत नाही. वारस नोंद करून घ्या आणि खर्चाबद्दल सगळ्यांच्या सह्यांचं संमतिपत्र करा : कोण किती घालणार, पुढे विकलं तर आधी खर्च वजा की नंतर. बहिणींची सही विसरू नका. वडिलोपार्जित मिळकतीत त्यांचाही हक्क आहे, आणि पहिली हरकत बहुधा छप्पर उतरवल्यावरच येते.

१९. मी परदेशात आहे. मुखत्यारपत्र कसं करू?

सर्वाधिकार देऊ नका. फक्त या घराची दुरुस्ती, परवानगीचे अर्ज, महावितरण आणि पाणी कनेक्शन, एवढंच लिहिलेलं विशेष मुखत्यारपत्र करा. विक्री, गहाण, भाडेकरार यांचा अधिकार देत नाही हे स्पष्ट लिहा. सही भारतीय दूतावासात करा, किंवा तिथल्या नोटरीपुढे करून अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) घ्या. कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मुदतीची तारीख घाला. मुखत्यार आणि पैसे हाताळणारा माणूस वेगळे असतील तर बरं. कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

२०. घर पंचगंगेच्या पूररेषेत येतं. दुरुस्तीत अर्थ आहे का?

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या भिंतीवर त्या पुराची खूण असेल, ती पुसायच्या आधी जमिनीपासून मोजून घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम सहसा होत नाही, म्हणजे आहे ते घर जपण्यालाच अर्थ आहे.

खुणेच्या खाली प्लायवूड, जिप्सम, पीओपी काही नको. दगड, चुना, शहाबादी फरशी भिजून वाळतात. मीटर आणि बोर्ड खुणेच्या वर. पूर ओसरल्यावर गाळ धुऊन, दारं-खिडक्या उघडून भिंत वाळू द्या. दोन फुटी भिंतीला महिने लागतात. त्याच वर्षी दिवाळीला रंग मारायचा मोह झाला तर पुढच्या शिमग्याला तो सोलून निघेल.

२१. खालच्या मजल्यावर जुने भाडेकरू आहेत.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. दुरुस्तीच्या नावाखाली त्यांना परस्पर बाहेर काढता येत नाही. ते तात्पुरते हलणार असतील तर त्यांची जागा, क्षेत्रफळ आणि परत येण्याची तारीख लेखी द्या, वकील तुमचा स्वतःचा असू द्या.

२२. शेजाऱ्याची आणि आमची भिंत एकच आहे.

सामाईक भिंतीला हात लावण्याआधी दोन्ही घरांतून तिचे फोटो काढून शेजाऱ्याला पाठवा. नंतर त्याच्याकडची जुनी भेगही तुमच्या कामाने पडली असं होतं. शक्यतो तिच्यात नवी तुळई घालू नका. तुमच्या बाजूने खांब उभा करून त्यावर घ्या. त्यांचं छप्पर तुमच्या भिंतीवर पाणी सोडत असेल तर पन्हळ तुम्हीच स्वखर्चाने करून द्या, वादापेक्षा स्वस्त.

२३. घर पन्हाळगडावर आहे. तिथेही हेच नियम?

नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर विनियमित. या पट्ट्यात दुरुस्तीलासुद्धा सक्षम प्राधिकाऱ्याकडून परवानगी काढावी लागते, आणि प्रतिबंधित भागात नवं बांधकाम होत नाही. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा मराठा लष्करी भूदृश्यांच्या यादीतून जागतिक वारसा झाला आहे, तेव्हा परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय वाळूचा ट्रॅक्टर वर नेऊ नका.

२४. मिस्त्री काम अर्धवट टाकून गेला. फोन उचलत नाही.

बहुधा पळालेला नसतो, दुसऱ्या साइटवर असतो. एकाच वेळी दोन-तीन कामं धरणं ही इथली रीतच आहे. तपासनीसाला पाठवून झालेल्या कामाचं मोजमाप करून घ्या, फोटोंसह. ते मिस्त्रीला तारखेसह मेसेज करा : अमुक दिवसापर्यंत आलात तर पुढे, नाहीतर हिशेब इथे बंद. राखून ठेवलेली रक्कम पुरेशी असेल (प्रश्न ७) तर तो येतो.

नाही आला तर नवा माणूस शोधा, पण अर्धवट कामाला दर जास्त लागेल आणि जुन्याच्या चुकांची जबाबदारी नवा घेणार नाही. दोन्ही गोष्टी गृहीत धरा. तोपर्यंत उघड्या भिंतींच्या माथ्यावर ताडपत्री बांधून दगड ठेवा. तुळयांखालचे टेकू कोणी हलवू नयेत असं शेजारी बजावून सांगा. मोकळ्या घरातले लाकडी टेकू लोक जळणाला नेतात, म्हणून शक्य असेल तर लोखंडी जॅक भाड्याने लावा आणि त्यांचं भाडं नव्या मिस्त्रीच्या हिशेबात धरू नका.